झाडीतली माणसं – ११ : सिस्टर आणि सावकाराची वही

मागच्या लेखात तेंदूच्या फडावरचा हिशेब पाहिला. ७० पानांचं पुडकं, पुडक्यांची मोजणी, फडमुन्शीची वही, आणि त्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिलंय हे वाचता न येणारी, दिवसभर उन्हात पानं तोडून आलेली बाई. या आठवड्यात त्या बाईला वही वाचायला शिकवणाऱ्यांकडे वळू. सरकारी शिक्षक, आश्रमशाळांचे गुरुजी, सर्वोदयी कार्यकर्ते यांच्याबद्दल मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. केरळातून आलेल्या कॅथलिक धर्मभगिनींबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. बोललो तरी एक तर कौतुकानं बोलतो किंवा संशयानं, आणि दोन्हींत त्यांचं काम बघायचं राहून जातं.

आधी थोडा इतिहास, कारण त्याची सुरुवात चांद्यातच, म्हणजे आजच्या चंद्रपुरातच आहे. ३१ मार्च १९६२ रोजी रोमच्या आदेशानं चांदा परिसर केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला गेला. गडचिरोली तेव्हा चांद्याच्याच पोटात होता; तो वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. सिरो-मलबार हे संत थॉमसशी आपलं नातं सांगणारं, सिरियाक परंपरेत उपासना करणारं जुनं भारतीय चर्च. पण त्या परंपरेला केरळ आणि लगतच्या भागाबाहेर स्वतःचं क्षेत्र नव्हतं. बाहेर जाणारे मल्याळी फादर आणि सिस्टर लॅटिन परंपरेच्या धर्मप्रांतांत सामील होऊन काम करायचे. चांदा हे त्यांना मिळालेलं पहिलं क्षेत्र. त्याची जबाबदारी सीएमआय या संघाकडे आली आणि जानुआरियस पालाथुरुथी हे त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढे १९६८ मध्ये सतना, सागर आणि उज्जैन, १९७२ मध्ये बिजनौर आणि इंद्रावतीपलीकडचं जगदलपूर अशी क्षेत्रं या चर्चला मिळाली. ही नावं नकाशावर एकापुढे एक ठेवली की केरळातल्या मुली कोणत्या वाटेनं उत्तरेकडे आणि मध्य भारताच्या जंगलात आल्या ते दिसतं.

त्या कुठल्या घरांतून येत होत्या? बहुतेक शेतकरी घरांतून. पाच-सात भावंडं, थोडी जमीन, आणि मुलींच्या शाळेची पक्की सवय. केरळच्या कॅथलिकांत शाळेचा हा आग्रह जुना आहे. सीएमआयच्या संस्थापकांपैकी एक, कुरियाकोस एलियास चावरा यांनी १८६४ मध्ये प्रत्येक चर्चजवळ शाळा काढायला सांगितलं आणि दोनच वर्षांनी कूनम्मावू इथं सिरो-मलबार स्त्रियांचा पहिला धर्मसंघ उभा राहिला. १८८८ मध्ये चंगनाश्शेरीला क्लारिस्ट भगिनींचा संघ निघाला. २००८ मध्ये संत म्हणून घोषित झालेल्या अल्फोन्सा याच संघातल्या, आणि त्यांनीही काही काळ प्राथमिक शाळेत शिकवलं होतं.

दहावी झालेली मुलगी संघात यायची, दोन-तीन वर्षं तिची तयारी व्हायची, मग ती तीन व्रतं घ्यायची: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पहिल्या दोन व्रतांबद्दल लोक कुतूहलानं विचारतात. माझ्या मते जंगलातल्या कामाच्या दृष्टीनं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आज्ञापालन म्हणजे बदलीचं पत्र. पत्र आलं की भाषा, हवा, जेवण, ओळखीची माणसं सोडून जायचं, कुठे ते आपण ठरवायचं नाही. पगार मिळाला तर तो संघाचा. मागे घर नाही, पुढे बढती नाही. त्यामुळे ज्या गावात सरकारी कर्मचारी बदलीसाठी धडपडत असतो, तिथं या बायका राहू शकतात. याची दुसरी बाजूही आहे. दहा वर्षांत माणसं जोडली, बोली शिकली, की पुन्हा पत्र येऊ शकतं आणि सगळं तिथंच ठेवून उठावं लागतं. या व्यवस्थेत माणसाच्या इच्छेला फार कमी जागा असते, हे मला खुपतं.

असं एक आयुष्य तपशिलात बघायचं, तर ते राणी मारिया यांचं. त्या चांद्यात राहिल्या नाहीत. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, उदयनगरला राहिल्या. पण वाट तीच, जंगल तसंच, आणि सावकारही आपल्या ओळखीचाच.

२९ जानेवारी १९५४ रोजी केरळात पेरुम्बावूरजवळच्या पुल्लुवळी गावात मरियम वट्टालिल जन्मली. वडील पैली, आई एलीश्वा, शेतकरी कुटुंब, सात भावंडं. १९७२ मध्ये ती किडंगूरला क्लारिस्ट संघात दाखल झाली. १ मे १९७४ रोजी पहिली व्रतं घेतली आणि तिची सिस्टर राणी मारिया झाली. पुढच्याच वर्षी, नाताळच्या तोंडावर, त्यांना उत्तर प्रदेशात बिजनौरला पाठवलं. हिंदी शिकायची आणि शाळेत शिकवायचं.

शाळेत त्या फार काळ राहिल्या नाहीत. साधारण दोन वर्षं वर्ग घेतल्यावर त्या गावांतल्या कामाकडे वळल्या. १९८३ मध्ये सतना धर्मप्रांतात ओडगडीला बदली झाली. तिथं समाजकार्याची जबाबदारी सांभाळत त्यांनी रीवा विद्यापीठातून समाजशास्त्रात एमए केलं. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. अनुभवानं सगळं कळतं असं मानून त्या थांबल्या नाहीत. ज्या समाजात राहायचं त्याची रचना समजून घ्यायला त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. मे १९९२ मध्ये त्या उदयनगरला आल्या.

उदयनगर इंदूरच्या आग्नेयेला, नर्मदेकडे उतरणाऱ्या डोंगराळ भागात आहे. आजूबाजूच्या पाड्यांवर भिल्ल, भिलाला, कोरकू वस्ती. थोडी कोरडवाहू जमीन, पावसावर एक पीक, उरलेल्या महिन्यांत मजुरी. अशा ठिकाणी सावकारी कशी चालते हे पूर्व विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, पण तिचं यंत्र नीट उघडून बघितलं पाहिजे. पेरणीच्या वेळी घरात बी नसतं. सावकार देतो. आपल्याकडे याला वाढीदिढी म्हणतात: पायली न्यायची, हंगामात दीड पायली परत करायची. पीक आलं की आधी सावकाराचं माप. उरलेल्यात वर्ष निघत नाही, म्हणून श्रावण-भादव्यात पुन्हा त्याच दारात. आजारपण आलं, लग्न निघालं, की रक्कम वाढते आणि तारण म्हणून जमीन किंवा अंगमेहनत लिहून द्यावी लागते. सगळ्या व्यवहाराचा पुरावा एकच, सावकाराची वही. ती त्याच्या घरात, त्याच्या अक्षरात.

यात सावकाराला नुसतं व्याज मिळत नाही. त्याला धान्य पडेल भावात मिळतं, शेतावर स्वस्त मजूर मिळतो, आणि निवडणुकीत मतंही मिळतात. कर्ज फिटलं तर हे सगळंच जातं. म्हणून कर्जदार वाचायला शिकला, बँकेत जायला शिकला, की सावकाराचं नुकसान व्याजाच्या कितीतरी पट असतं.

राणी मारिया यांनी नेमकं हेच हाती घेतलं. पाड्यांवर चालत जायचं, संध्याकाळी बायका-पुरुषांना बसवायचं, अक्षरं आणि आकडे शिकवायचे. सरकारच्या कोणत्या योजना आपल्यासाठी आहेत, अर्ज कुठे करायचा, कुठले कागद लागतात, हे सांगायचं. मग लोकांना बँकेत घेऊन जायचं आणि बी-खतासाठी कर्ज मिळवून द्यायचं. बँक सावकारापेक्षा कितीतरी कमी व्याज घेते हे गावाला ऐकून माहीत असतं. पण काचेच्या दारातून आत जाऊन खुर्चीवरच्या साहेबाशी बोलणं हे वेगळंच धाडस आहे, आणि ते कुणीतरी बरोबर असल्याशिवाय पहिल्यांदा होत नाही. सिस्टर बरोबर असायच्या. पोलिसांनी एखाद्याला उचललं तर त्या ठाण्यातही जायच्या. पंचायतीत आपली माणसं निवडून आणा, असंही सांगायच्या. बिजनौरला सोडलेला वर्ग त्यांनी इथं पुन्हा भरवला, फक्त त्याला भिंती नव्हत्या.

धर्मांतराचा प्रश्न इथं घेतलाच पाहिजे. तो टाळला तर वाचकाशी प्रामाणिकपणा राहत नाही. १९५४ मध्ये, म्हणजे राणी मारिया जन्मल्या त्याच वर्षी, तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. तेव्हा राजधानी नागपूर होती आणि चांदा त्याच राज्यात होता. १९५६ च्या अहवालात समितीनं मिशनऱ्यांच्या शाळा, दवाखाने आणि परदेशी पैसा यांवर कठोर टीका केली. पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशानं बळजबरीनं, फसवणुकीनं किंवा आमिषानं होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला. राणी मारिया यांची मध्य प्रदेशातली सगळी वर्षं या कायद्याच्या छायेत गेली. उदयनगरमध्ये त्यांच्याविरुद्ध हाच आरोप होत राहिला.

सेवेमागे श्रद्धा होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. गळ्यात क्रूस होता, दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं होत होती. पण त्यांच्या कामामुळे रोज कोणाचं काय बिघडत होतं हे तपासलं, तर माग देवळाकडे जात नाही, वहीकडे जातो. बी-खताचं कर्ज बँकेतून घेणारा भिल्ल कोणत्या देवाला हात जोडतो याचा सावकाराच्या उत्पन्नाशी संबंध नव्हता. तो सावकाराकडे आला नाही, याचा होता. धर्मांतराच्या आरोपानं या साध्या आर्थिक भांडणाला एक मोठं, भडकणारं नाव मिळालं, असं मला वाटतं. चर्चनं मात्र त्यांचा मृत्यू श्रद्धेसाठी आलेला हौतात्म्याचा मृत्यू मानला. हा निर्णय त्यांच्या श्रद्धेच्या चौकटीतला आहे. कदाचित सिस्टरांनाही बँकेचा अर्ज भरणं आणि प्रार्थना करणं ही दोन वेगळी कामं वाटली नसती.

२५ फेब्रुवारी १९९५. सकाळच्या बसनं त्या उदयनगरहून इंदूरला निघाल्या. बसमध्ये समंदर सिंग नावाचा तरुण होता. नाचनबोरच्या घाटात त्यानं सुरा काढला. बस थांबली, त्यानं त्यांना बाहेर ओढलं आणि वार करत राहिला. बस प्रवाशांनी भरलेली होती. कोणी मध्ये पडलं नाही. अंगावर ५४ जखमा मोजल्या गेल्या. त्या ४१ वर्षांच्या होत्या. त्यांना उदयनगरलाच मातीत ठेवण्यात आलं.

समंदर सिंगला जन्मठेप झाली. मला गावातल्या बड्या माणसांनी चिथावलं, असं त्यानं पुढे उघड सांगितलं. तुरुंगात पहिली वर्षं तो सूडाच्या विचारात होता; संसार मोडला होता. स्वामी सदानंद हे सीएमआय संघाचे संन्यासी त्याला भेटत राहिले. २००२ च्या रक्षाबंधनाला सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात आल्या. राणी मारिया यांची ही सख्खी धाकटी बहीण, त्याच संघातली धर्मभगिनी. त्यांनी समंदरच्या हाताला राखी बांधली. आई एलीश्वा त्याला भेटल्या तेव्हा त्यांनी त्याचे दोन्ही हात घेऊन त्यांना ओठ लावले. मुलीचं रक्त ज्या हातांना लागलं ते हात. असं कुठल्या आईला जमावं हे मला आजही पूर्ण उमगलेलं नाही, आणि उमगल्याचा आव मी आणणार नाही.

क्षमा तिथं थांबली नाही. तिनं कागदोपत्रीही रूप घेतलं. समंदरची मुदतीआधी सुटका व्हावी म्हणून कुटुंबानं आणि चर्चनंच सरकारकडे शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. पुल्लुवळीला जाऊन त्यानं सिस्टरांच्या आई-वडिलांची माफी मागितली. नंतर गावी राहून तो शेती करू लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये कार्डिनल अँजेलो आमातो यांनी राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित केलं. संतपदाच्या आधीची ही पायरी.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांनी या कथेतला एक धागा सुटा काढून ठेवावा: जमिनीचा कागद. कर्जापोटी आदिवासीची जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली तर ती परत मिळवायची सोय महाराष्ट्रात १९७४ च्या कायद्यानं केली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातली हस्तांतरं त्यात येतात. या तारखा कशा ठरल्या, तलाठ्याकडचा फेरफार कसा वाचायचा, आणि दिढीचं धान्य सातबाऱ्यापर्यंत कसं पोचतं, हे पुढच्या आठवड्यात पाहू.