मुक्त ऊर्जेच्या सदृशीकरणातील अणुवस्तुमान

रेण्वीय गतिकीत अणूंच्या हालचालींचे न्यूटनच्या नियमांनुसार संगणकावर सदृशीकरण करतात. मुक्त ऊर्जेतील फरक काढण्यासाठी त्यात एका रेणूचे दुसऱ्या रेणूत टप्प्याटप्प्याने काल्पनिक रूपांतर केले जाते. त्यास किमयात्मक रूपांतर म्हणतात. अशा वेळी अणूबरोबर त्याचे वस्तुमानही बदलावे काय, हा प्रश्न उद्भवतो. बहुतेक गणनांत त्याची आवश्यकता नसते.

कारण

अभिजात सांख्यिकीय यामिकीत वस्तुमान केवळ गतिज ऊर्जेत येते. स्थितिज ऊर्जा अणूंच्या स्थानांवर अवलंबून असते. त्यामुळे वस्तुमान वाढवल्यास अणू संथ होतात व विसरण मंदावते, परंतु समतोलावस्थेतील रचनांची संभाव्यता तीच राहते.

उदाहरण

बेंझिनचे क्लोरोबेंझिन करताना हायड्रोजनच्या (१.००८) जागी क्लोरीन (३५.४५) येतो. वस्तुमानही बदलल्यास ३०० केल्विन तापमानाला गतिज वाट्यामुळे मुक्त ऊर्जा मोलमागे सुमारे १३.३ किलोज्यूलने घटते. औषधरेणूचे प्रथिनाशी होणारे बंधन मोजताना हे रूपांतर पाण्यात आणि प्रथिनात असे दोनदा करून वजाबाकी घेतात, म्हणून हा वाटा निघून जातो. तो एकाच बाजूस धरला गेल्यास मात्र बंधनाच्या समतोल स्थिरांकात सुमारे २०० पटींची चूक होते.

डमी अणू

नाहीशा होणाऱ्या अणूच्या परस्परक्रिया शून्य करतात, वस्तुमान मात्र कायम ठेवतात. त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान. वस्तुमान शून्याकडे गेल्यास त्वरण अमर्याद वाढून गणना कोलमडते.

वस्तुमानाचे पुनर्वाटप

याच स्वातंत्र्याचा लाभ घेऊन हायड्रोजनचे वस्तुमान सुमारे ३ ते ४ एकके करतात व तेवढेच त्याला जोडलेल्या जड अणूतून वजा करतात. रेणूचे एकूण वस्तुमान बदलत नाही. हायड्रोजनची जलद कंपने मंदावतात. त्यामुळे गणनेतील कालपायरी २ ऐवजी ४ फेम्टोसेकंद ठेवता येते. फेनस्ट्रा, हेस आणि बेरेंडसेन यांनी १९९९ मध्ये अशा उपायांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

मर्यादा

बंधांची लांबी दृढ ठेवल्यास गतिज ऊर्जा स्थानांवरही अवलंबून राहते. त्यामुळे रूपांतरात अशा बंधाची लांबी बदलत असल्यास त्याचा स्वतंत्र हिशेब करावा लागतो. विसरणासारखे गतिविषयक गुणधर्म काढताना खरी वस्तुमानेच वापरावी लागतात. हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम घेतल्याने बंधनात पडणारा फरक मुळात पुंज यामिकीचा असल्याने अभिजात पद्धतीत तो दिसत नाही.