चुना भिंतीतला, चुना हाडांतला

पावसाळ्यात रात्री जुन्या भिंतीवर बॅटरी मारून पाहा. शंखी गोगलगाय तिथं भिंत खरवडत असते. तिच्या जिभेवर बारीक दातांची पट्टी असते, आणि त्या दातांनी ती चक्क चुना खाते. शंख वाढवायला लागणारं कॅल्शियम तिला असं मिळवावं लागतं.

त्याच पडक्या इमारतीच्या अंधाऱ्या खोलीत पर्णनासिक वटवाघळं लटकलेली सापडू शकतात. आपल्याकडचं श्नायडरचं पर्णनासिक जेमतेम दहा ग्रॅमचं. ते तोंड मिटून नाकातून ओरडतं, आणि नाकाभोवतीच्या पानासारख्या घड्या त्या आवाजाला दिशा देतात. आवाज सुमारे १३० किलोहर्ट्झचा. माणसाचा कान २० किलोहर्ट्झलाच थांबतो. परत आलेल्या प्रतिध्वनीवरून किडा किती लांब आहे, पंख हलवतोय का, हे त्याला उडता उडता कळतं. गोगलगाईला कानच नाहीत. तिच्या वरच्या लांब शिंगांच्या टोकाशी डोळे, तेही जेमतेम उजेड-अंधार ओळखण्यापुरते. अन्नाची वाट तिला वासावरून सापडते.

मला या दोघांतला सर्वांत मोठा फरक वाटतो तो पिल्लांचा. ही शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेतली, आणि उभयलिंगी. एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालते. कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड पडद्यानं बंद करून महिनोन्महिने पडून राहते. १८४७ मध्ये गोगलगाईंचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून काही जिवंत गोगलगाई कोलकात्यात आणल्या आणि त्या तिथल्या एका बागेत सोडल्या गेल्या. तिथून त्या देशभर पसरत गेल्या. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीडकडच्या शेतकऱ्यांची कोवळी सोयाबीन गोगलगाईंनी फस्त केली. कितीही वेचल्या तरी त्या पुन्हा येतात.

वटवाघळीला एका वेळी एकच पिल्लू. जन्मतःच त्याचं वजन आईच्या जवळपास पाव भाग, आणि उडायला लागेपर्यंत ते तिच्या दुधावरच जगतं. किड्यांमध्ये कॅल्शियम फारसं नसतं. भिंत खरवडणं तर तिला जमत नाही. म्हणून दूध पाजण्याच्या दिवसांत पिल्लाला लागणारं कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. अशा वेळी कुणी गुहेत धूर केला किंवा खोलीचं दार बुजवलं, तर गेलेली वसाहत भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.