विश्लेषण : आजीची वाकळ ‘मॉडर्न क्विल्ट’ ठरू शकते का? क्विल्ट शोचे नियम काय सांगतात?

नवरात्रात घट बसण्याआधी घर काढायचे, म्हणजे घरातले अंथरूण-पांघरूणही बाहेर काढायचे. कराड, पाटण, वाळवा भागात त्या दिवसांत वाकळा नदीवर धुवायला नेण्याची जुनी रीत आहे. ओली वाकळ एकटीला पिळता येत नाही. दोघी दोन टोके धरतात, उलट्या दिशेने पीळ देतात आणि मग ती घाटाच्या पायऱ्यांवर किंवा शेताच्या बांधावर पसरतात. हिरव्या इरकलीचा तुकडा, त्याला लागून धोतराचा मळकट पांढरा, मध्येच शाळेच्या गणवेशाचा खाकी चौकोन आणि या सगळ्यावरून सरळ गेलेल्या टाक्यांच्या ओळी.

अशाच शिवलेल्या वस्तू अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये मोठ्या सभागृहांत उभ्या टांगतात. लोक तिकीट काढून त्या पाहायला जातात, परीक्षक त्यांना क्रमांक देतात. त्यांना क्विल्ट म्हणतात आणि त्या प्रदर्शनांना क्विल्ट शो. इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्टमुळे ‘मॉडर्न क्विल्ट’ हा शब्द आता इकडच्या शिवणकाम करणाऱ्यांच्या मोबाइलवरही पोहोचला आहे. त्यामुळे प्रश्न साहजिक आहे : आपली वाकळ तिथे पाठवता येते का? येते. पण प्रवेश अर्जातल्या एका साध्या रकान्याशी बहुतेक घरे अडतील. तो रकाना आहे शिवणाऱ्या व्यक्तीच्या नावाचा.

क्विल्ट आणि वाकळ यात फरक काय?

क्विल्टची व्याख्या सोपी आहे. वरचे कापड, मधले भर आणि खालचे कापड असे तीन थर आणि ते तिन्ही एकत्र धरून ठेवणारे टाके. पाश्चात्त्य क्विल्टमध्ये मधला थर कापसाच्या किंवा पॉलिस्टरच्या तयार पत्र्यासारख्या भराचा असतो, त्याला बॅटिंग म्हणतात. वाकळेत हे काम जुन्या साड्या आणि धोतरे करतात. थर तीनऐवजी पाच-सात होतात, तरी व्याख्येत ती चपखल बसते. पुण्याकडे तिलाच गोधडी म्हणतात, कर्नाटकात कौदी. बंगालची कंथा, बिहारची सुजनी, कच्छ-सिंधकडची रल्ली आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाची कवंदी ही याच कुळातली भावंडे.

वाकळेचे गणित नऊवारीवर बेतलेले आहे. नऊ वार म्हणजे २७ फूट. लुगडे लांबीत चार पदरी केले की पावणेसात फूट लांबीचे चार थर एका घडीत मिळतात आणि पन्हा धरावा साधारण चार फूट. एका माणसाचे पांघरूण कात्री न लावता तयार! जिथे कापड विरले असेल तिथे ठिगळ बसते आणि त्या ठिगळांतूनच पुढे नक्षी होते. कडा आधी पक्क्या करायच्या, मग धावदोरा घालत आत यायचे, अशी एक पद्धत आहे. कवंदीही अशीच कडेकडून मधोमध शिवत आणतात.

मॉडर्न क्विल्ट कशाला म्हणतात?

इथे ‘मॉडर्न’ म्हणजे नुसते ‘हल्लीचे’ नव्हे. अमेरिकेत २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये काही तरुण क्विल्टकारांनी मॉडर्न क्विल्ट गिल्ड सुरू केले. २०१३ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात त्यांचा पहिला मोठा शो झाला, त्याचे नाव क्विल्टकॉन. फुलाफुलांच्या, एकाच ठोकळ्याची पुनरावृत्ती करणाऱ्या जुन्या पठडीपेक्षा या मंडळींना वेगळे काही हवे होते. ठळक रंग, मोठ्या मोकळ्या जागा, मोजकेच आकार आणि पट्टी न लावता अंदाजाने कापलेले तुकडे. या शेवटच्या प्रकाराला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात आणि क्विल्टकॉनमध्ये त्याचा स्वतंत्र विभाग असतो.

पट्टी न लावता कापलेले तुकडे, हे वाचून वाकळ शिवणाऱ्या कोणत्याही बाईला हसू येईल. तुकडा उरेल तेवढाच असतो, तो जिथे बसेल तिथे बसवायचा. नाइलाज म्हणून केलेली गोष्ट दुसरीकडे शैली म्हणून शिकवली जाते, हे कलेच्या इतिहासात नवे नाही.

या शैलीचे एक मोठे प्रेरणास्थान तर थेट गरिबीतून आले आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय महिला पिढ्यान्पिढ्या कामाच्या जुन्या पँटी आणि पिठाच्या पोत्यांच्या कापडातून क्विल्ट शिवत होत्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले आणि पुढे ते न्यूयॉर्कलाही गेले. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने या क्विल्टवर तिकिटे काढली. त्या क्विल्टचे फोटो पाहिले तर कराडच्या बाजारात कुणाच्या तरी खांद्यावर हीच घडी पाहिली होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

परीक्षक नेमके काय पाहतात?

मोठ्या शोमध्ये दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात निवड समिती फक्त फोटो पाहते. साधारणपणे एक फोटो पूर्ण क्विल्टचा, चारही कडा दिसतील असा, आणि एक जवळून, टाके दिसतील असा मागतात. मोबाइलवरचा फोटो चालू शकतो, पण वाकळ पलंगावर पसरून वरून काढलेला फोटो तिरका येतो आणि चौकोनी वाकळ फोटोत समलंब होऊन बसते. ती भिंतीवर किंवा दोरीवर सरळ टांगावी, सावलीतल्या उजेडात उभे राहावे, मोबाइल वाकळेच्या मध्याच्या उंचीवर धरावा. रंग उठावदार करणारे फिल्टर टाळलेलेच बरे, कारण निवड झाली की प्रत्यक्ष वस्तू परीक्षकांसमोर जाणार असते.

दुसऱ्या टप्प्यात कारागिरी तपासली जाते. पहिली नजर एकूण परिणामावर, म्हणजे चार-पाच पावलांवरून ती कशी दिसते यावर. मग कडा सरळ आहेत का, कोपरे काटकोनात आहेत का, टाके एकसारखे आहेत का, मागच्या बाजूला गाठी किंवा लोंबते दोरे आहेत का, हे पाहतात. प्रदर्शनात क्विल्टला हात लावायची मनाई असते. त्यामुळे अनेक ठिकाणी पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक उभे असतात. प्रेक्षकाने विनंती केली की ते क्विल्टचा कोपरा उचलून मागची बाजू दाखवतात. बरेच शो परीक्षकांचे लेखी शेरे स्पर्धकाला परत पाठवतात. नवख्यासाठी बक्षिसापेक्षा तो कागद जास्त कामाचा.

वाकळ इथे दोन ठिकाणी मार खाते. ती अंगावर घ्यायची वस्तू आहे, भिंतीवर टांगायची नव्हे. सात थरांची वाकळ उभी टांगली की स्वतःच्या वजनाने मध्ये झोळ येतो आणि खालची कड लाटेसारखी दिसते. दुसरे म्हणजे वास. धूर, डांबराच्या गोळ्या, ट्रंकेतला दमटपणा यांपैकी काहीही प्रदर्शनात चालत नाही. उपाय अवघड नाहीत. प्रदर्शनासाठी शिवताना थर कमी ठेवावेत, टाक्यांच्या ओळींतले अंतर सगळीकडे सारखे राखावे. एका भागात दाट आणि दुसऱ्या भागात विरळ टाके पडले की दाट भाग आकसतो आणि कापड फुगते. मागच्या बाजूला वरच्या कडेला साधारण चार इंच रुंदीची कापडी नळी शिवावी लागते. तिच्यातून दांडा घालून क्विल्ट टांगतात. नळी नसेल तर अनेक शो वस्तू स्वीकारतच नाहीत.

हाताने शिवावे की मशीनवर?

दोन्ही चालते, फक्त अर्जात खरे लिहावे लागते. एकेकाळी हा वाद फार तापला होता. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या पदुका शहरात दरवर्षी भरणाऱ्या मोठ्या शोमध्ये १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर टाके घातलेल्या क्विल्टला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तोपर्यंत तो मान हाताच्या टाक्यांनाच मिळत आला होता. आज बहुतेक ठिकाणी हातकामाला स्वतंत्र विभाग असतो आणि वाकळेची जागा तिथेच आहे.

हातकामाची किंमत समजायला साधा हिशेब पुरतो. चार फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब वाकळ घेऊ. अर्ध्या अर्ध्या इंचावर धावदोऱ्याची एक ओळ धरली तर ९६ ओळी होतात, एकूण ६४८ फूट. इंचाला चार टाके धरले तर ३१ हजारांहून अधिक टाके. जाड थरांतून मिनिटाला दहा टाके पडले तरी जवळपास ५२ तास. रोज आठ तास बसले तर साडेसहा दिवस. यात तुकडे जुळवणे, कडा मारणे आणि दुखऱ्या बोटांना दिलेली विश्रांती धरलेली नाही. वाकळ शिवून घेताना घासाघीस करणाऱ्याने हा आकडा एकदा मजुरीच्या दराने गुणून पाहावा.

नावाच्या रकान्यात काय लिहायचे?

खरी अडचण इथे आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुने अमेरिकी क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर लावले. क्विल्टला कला म्हणून मान मिळाला तो प्रामुख्याने या प्रदर्शनामुळे, असे मानले जाते. पण भिंतीवरच्या बहुतेक क्विल्टना नाव नव्हते. कुणा बाईंनी शिवले, एवढेच. संग्राहकांची नावे मात्र इतिहासात नोंदली गेली. जीज बेंडच्या वेळी महिलांची नावे लावली गेली, तरीही पैशांचा प्रश्न सुटला नाही. २००७ मध्ये त्यांच्यापैकी काही जणी मोबदला आणि हक्कांसाठी न्यायालयात गेल्या. पुढच्या वर्षी ते दावे तडजोडीने मिटले. २०२१ पासून तिथल्या क्विल्टकार एट्सी या ऑनलाइन बाजारात स्वतःच्या नावाने क्विल्ट विकू लागल्या.

आपल्याकडे वाकळेवर नाव घालायची पद्धतच नाही. सासूने साड्या जमवल्या, सुनेने तुकडे लावले, शेजारणी दुपारी येऊन टाके घालून गेल्या. काही घरे वाकळ शिवायला बाहेर देतात. भटक्या जमातींतल्या काही बायकांचे पोट याच कामावर चालते. अशी वाकळ उद्या एखाद्या शहरातल्या डिझायनरने शोमध्ये पाठवली तर नाव कोणाचे लागणार?

बऱ्याच शोंच्या अर्जात याची सोय असते. तुकडे कोणी जोडले आणि टाके कोणी घातले, हे तिथे वेगवेगळे विचारतात. परदेशात अनेक जणी वरचा थर स्वतः जोडून टाक्यांसाठी मोठ्या लाँगआर्म मशीनवाल्याकडे देतात, त्यातून हा नियम आला. अनेकींनी मिळून केलेल्या क्विल्टलाही काही शोंमध्ये वेगळा विभाग असतो. नक्षी दुसऱ्या कुणाची असेल तर तिचेही नाव द्यावे लागते आणि गरज पडली तर परवानगीही घ्यावी लागते. म्हणजे मजुरी देऊन शिवून घेतलेली वाकळ आपल्या एकट्याच्या नावावर पाठवणे हा कंजूषपणा तर आहेच, नियमभंगही ठरू शकतो.

साडीच सुती नसेल तर?

वाकळ घरात कमी होण्यामागे आळस हे कारण सांगितले जाते. ते अर्धवट आहे. वाकळेचा कच्चा माल म्हणजे वीस-पंचवीस धुण्यांनी नव्हे, काही वर्षांच्या वापराने मऊ झालेली सुती साडी. नायलॉन, जॉर्जेट आणि पॉलिस्टर आले तसा तो माल घराघरांतून आटला. कृत्रिम धाग्याचे कापड टाक्यांखाली सरकते आणि घाम शोषत नाही. तिकडे सोलापुरी चादर आणि मऊ मिंक ब्लँकेट दुकानात तयार मिळते. ज्यांना नव्याने शिकायचे आहे, त्यांना जुन्या सुती ओढण्या, पंचे, चादरी आणि शिंप्याकडच्या सुती चिंध्या हा चांगला पर्याय आहे. फक्त नवे कापड आधी धुऊन आकसवून घ्यावे, रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. तांबडा आणि गर्द निळा यांच्यावर पहिल्या धुण्याआधी विश्वास ठेवू नये.

सुरुवात कुठून करावी?

पहिलाच प्रयत्न परदेशी पाठवण्याची घाई नको. प्रवेश शुल्क, दोन्ही बाजूंचे कुरिअर आणि सीमाशुल्काची कागदपत्रे मिळून खर्च बराच होतो. भारतात जानेवारी २०१९ मध्ये चेन्नईत इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल भरला, त्यामुळे देशातही असे व्यासपीठ तयार झाले आहे. आपल्या गोधड्यांचा अभ्यास करायचा तर मुंबईच्या क्विल्टकार गीता खंडेलवाल यांचे महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचे पुस्तक आहे. फ्रान्समधल्या क्विल्टमेनियाने ते काढले. पहिली वस्तू दुपट्याच्या आकाराची निवडली तर तासही कमी लागतात आणि कडा सरळ ठेवण्याचा सरावही होतो.

घरात आधीपासून असलेल्या वाकळेचे काय? ती स्पर्धेत बसणार नाही, कारण बहुतेक शो अलीकडे पूर्ण केलेलेच काम घेतात. जुन्या वस्तूंची प्रदर्शने वेगळी भरतात. पण तिच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावर पट्टी आजच लावता येते. पांढऱ्या सुती नाडीचा वीतभर तुकडा, न पुसला जाणारा पेन आणि चार टाके. शिवणारीचे नाव, गाव, अंदाजे साल आणि ठाऊक असेल तर साड्या कोणाच्या, एवढे त्यावर मावते. वाकळ कोणी शिवली हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर ते विचारून घ्यावे लागेल.