पाठीवरचं ओझं आणि गोदामातलं यंत्र

गोदाम म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर पोत्यांच्या थप्प्या येतात, हातातला आकडा येतो आणि पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा हमाल येतो. आजचं मोठं गोदाम तसं राहिलेलं नाही. म्हणून आधी ते चालतं कसं ते पाहू, फायद्या-तोट्याचा हिशेब मग.

अमेरिकेत वेबव्हॅन नावाची घरपोच किराणा देणारी कंपनी २००१ साली बुडाली. तिथे काम केलेल्या मिक माउंट्झ यांना एक साधा प्रश्न पडला. माणसानं मालापर्यंत चालत का जायचं? मालच माणसापर्यंत आला तर? त्यातून २००३ मध्ये किव्हा सिस्टिम्स निघाली. तिचे केशरी, बुटके रोबो जमिनीवर चिकटवलेल्या खुणा वाचत फिरतात, मांडणीच्या खाली शिरतात आणि अख्खी मांडणी उचलून माणसापुढे आणून उभी करतात. ॲमेझॉनने २०१२ मध्ये ही कंपनी सुमारे ७७.५ कोटी डॉलरला घेतली. २०२५ मध्ये त्यांच्या रोबोंची संख्या दहा लाखांवर गेल्याचं त्यांनी जाहीर केलं.

फायदे उघड आहेत. कामगाराची दिवसभराची पायपीट वाचते. मांडण्यांमध्ये माणसाला चालायला वाट ठेवावी लागत नाही, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त माल मावतो. आणि ओझं? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच शिफारस केली होती की प्रौढ पुरुषाला ५५ किलोपेक्षा जास्त वजन हातांनी उचलायला लावू नये. आपल्या बाजारांत शंभर किलोचं पोतं त्यानंतरही पाठीवरून जात राहिलं, बरं का! ते यंत्रानं उचललं तर त्यात वाईट काय? काहीच नाही. कष्टाचं गोडवं गाणाऱ्यांनी एकदा ते पोतं उचलून पाहावं.

ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'मध्ये म्हटलं आहे की धोटे आपोआप विणू लागले तर मालकाला गुलाम लागणार नाहीत. आम्ही वर्गात हे अनेक वर्षं शिकवलं आणि त्यात एक जागा आमच्या नजरेतून निसटली. धोटा आपोआप चालला, पण त्याच्या वेगाला पुरं पडायला शेजारी माणूस उभा करावा लागला, तर काय?

नेमकं तेच झालं. पूर्वी कामगार चालायचा, वळायचा, मध्ये दोन शब्द बोलायचा. आता तो एका जागी उभा आहे. मांडणी येते, पडदा दाखवतो तो खण, हात घाला, ठेवा, पुढची मांडणी. 'रिव्हील' या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेनं २०२० मध्ये कंपनीच्याच नोंदी तपासल्या. रोबो असलेल्या गोदामांत गंभीर इजांचं प्रमाण रोबो नसलेल्या गोदामांपेक्षा जास्त निघालं. कंपनीला हा निष्कर्ष मान्य नव्हता. पण कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये कायदाच केला की कामाचा कोटा कामगाराला लेखी कळवायचा आणि जेवण किंवा लघवीची सुट्टी बुडेल असा कोटा लावायचा नाही. लघवीला जाण्याची मुभा कायद्यात लिहावी लागते!

आगीचा धोकाही आहेच. इंग्लंडमध्ये अँडोव्हरला ओकॅडो कंपनीचं स्वयंचलित गोदाम २०१९ मध्ये जळालं. सुरुवात रोबोच्या चार्जिंगपाशी झाली होती. पण तो अभियंत्यांचा प्रश्न आहे, ते सोडवतील.

आपला प्रश्न जवळचा आहे. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाडी संघटित केले, बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालाला मंडळ मिळालं. मालकानं मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर टक्क्यांनी लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. आता बघा, लेव्ही मजुरीवर आहे. भिवंडीत पट्ट्यानं माल उतरवला की मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणजे लेव्हीही नाही. पोतं पाठीवरून उतरलं, त्याच्याबरोबर म्हातारपणाची सोयही उतरली.

मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मग सर, यंत्र आणायचंच नाही का?" आणायचं. माणसाच्या पाठीची बाजू घेऊन आपण पोत्याची बाजू घेऊ शकत नाही. मात्र लेव्ही मजुरीऐवजी हलवलेल्या टनांवर लावली तर काय बिघडेल, हे व्यापाऱ्यांना विचारायला हवं. आज सभागृहात दोघे-तिघे आहेत; चहाच्या वेळी त्यांना गाठू.