कांद्याच्या गावातून इंग्रजी साहित्याच्या परीक्षेला

नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विंचूरच्या तीनपाटीवर एस.टी.तून उतरले की आधी कांद्याचा वास येतो. निफाड तालुक्यातील हे गाव कांद्यावर जगते. लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार येथे आहे आणि आपल्या समाजातील कित्येक घरांची चूल कांद्याच्या खळ्यावरील मजुरीवर पेटते. हाच रस्ता पुढे येवल्याला जातो. तेथे 13 ऑक्टोबर 1935 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

या गावातील एका बौद्ध कुटुंबाला आम्ही मुद्दाम भेटलो. वडील हमाली करतात, आई खळ्यावर कांदा निवडते. थोरली मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झाली असून केंद्रीय विद्यापीठात इंग्रजी साहित्यात एम.ए. करण्यासाठी प्रवेश परीक्षेचा अभ्यास करीत आहे. "नाव आत्ता छापू नका, निकाल लागल्यावर छापा," असे ती म्हणाली. म्हणून आम्ही नाव देत नाही.

चहा देताना आईने सरळच विचारले, "भाऊ, बी.एड. केलं तर पोरगी शाळेत तरी लागंल. ह्या इंग्रजांच्या गोष्टी-कविता वाचून आमच्या घरात काय येणार?"

हा प्रश्न एका आईचा नाही. आपल्या हजारो घरांत तो विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

परीक्षा आहे तरी कशी?

दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांत एम.ए.ला प्रवेश मिळण्यासाठी 2022 पासून सी.यू.ई.टी.-पी.जी. ही सामायिक परीक्षा घेतली जाते. ती संगणकावर द्यावी लागते. 2025 च्या परीक्षेत 75 प्रश्न आणि 90 मिनिटे होती, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला 1 गुण कापला जातो. इंग्रजीच्या पेपरात लेखक आणि त्यांच्या कृती, कालखंड, वाङ्मयप्रकार, अलंकार, समीक्षेतील विचार आणि न वाचलेल्या उताऱ्यांवरील प्रश्न येतात.

गुण कापले जातात म्हणून आपली मुले घाबरून प्रश्न सोडून देतात. येथे हिशेब करावा. चार पर्यायांपैकी दोन नक्की चुकीचे आहेत हे कळले, तर उरलेल्या दोनांतून एक निवडणे केव्हाही फायद्याचे. असे दोन प्रश्न सोडवले आणि एक बरोबर, एक चूक आला, तरी पदरात 3 गुण पडतात.

वाया गेलेले वर्ष

ही मुलगी परीक्षेला दुसऱ्यांदा बसत आहे. पहिल्या वेळी ती अभ्यासात कमी पडली नव्हती, कागदात अडकली. तिच्याजवळ होता तो राज्याच्या नमुन्यातील नवबौद्ध दाखला. केंद्रीय विद्यापीठाला हवा होता केंद्र सरकारच्या नमुन्यातील अनुसूचित जातीचा दाखला. ज्या केंद्रावर फॉर्म भरला तेथे कोणी हे सांगितले नाही. नवा दाखला हाती येईपर्यंत प्रवेशाची मुदत संपली. ते वर्ष तिने आईबरोबर खळ्यावर कांदा निवडण्यात काढले.

आमच्या प्रत्येक वाचक कुटुंबाने हे ध्यानात ठेवावे. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या, 1956 साली त्या शिखांना लागू झाल्या. धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या लोकांना केंद्राच्या सवलतींसाठी 1990 पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीच्या कायदादुरुस्तीने बौद्धांचा समावेश झाला. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जातींसाठी 15 टक्के जागा राखीव असतात. त्या मिळवायच्या तर यादीतील मूळ जातीच्या नावासह केंद्राच्या विहित नमुन्यातील दाखला लागतो. परीक्षेचा फॉर्म निघण्याची वाट न पाहता, बी.ए.च्या शेवटच्या वर्षालाच तो काढून ठेवावा.

पत्र्यावरच्या तारखा

अभ्यासाला त्या घरात वेगळी खोली नाही. स्वयंपाकाच्या कोपऱ्याशेजारी पत्र्याच्या भिंतीवर जुन्या दिनदर्शिकेची पाठकोरी पाने चिकटवलेली दिसली. प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत. डावीकडे आपल्या चळवळीची तारीख, उजवीकडे त्याच वर्षीचे इंग्रजी पुस्तक.

"मला सनावळ्या पाठच होत नव्हत्या," ती म्हणाली. "मग एक दिवस आजीला विचारलं, आजी, कोरेगावची लढाई कधी झाली? आजी शाळेत गेलेली नाही, पण तिनं लगेच सांगितलं, एक जानेवारी अठराशे अठरा. मी पुस्तक उघडलं, तर मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाईन' कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली तीही त्याच दिवशी!"

हा योगायोग आम्हांलाही ठाऊक नव्हता. मेरी शेली तेव्हा अवघी 20 वर्षांची होती आणि पुस्तकावर तिचे नावही छापलेले नव्हते. कादंबरीत एक शास्त्रज्ञ एक जीव निर्माण करतो आणि त्याचे रूप पाहून त्याला टाकून देतो. त्या जीवाला नाव नाही. माणसे त्याला जवळ करीत नाहीत. तो एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो, भिंतीच्या फटीतून आतल्या घरात चाललेली शिकवणी ऐकतो आणि त्यातून भाषा शिकतो. वर्गाबाहेर बसून शिकलेल्यांच्या नातवंडांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

त्या पानांवरील आणखी काही जोड्या आम्ही उतरवून घेतल्या.

1855 साली जोतिबा-सावित्रीमाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त आला. त्याच वर्षी अमेरिकेत वॉल्ट व्हिटमनचा 'लीव्हज ऑफ ग्रास' हा कवितासंग्रह निघाला.

1891 साली बाबासाहेबांचा जन्म झाला. त्याच वर्षी टॉमस हार्डीची 'टेस' पुस्तकरूपाने आली. गरीब घरातील एका मुलीवर समाजाने केलेल्या अन्यायाची ही कादंबरी आहे.

1922 साली बाबासाहेब लंडनला आपला प्रबंध पुरा करीत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्याच 'क्रायटेरियन' नियतकालिकात टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही दीर्घ कविता छापून आली. तिच्या तिसऱ्या भागाचे नाव आहे 'द फायर सर्मन'. हे नाव भगवान बुद्धांच्या आदित्तपरियाय सुत्तावरून घेतले आहे. गयेजवळ जटिल भिक्खूंना दिलेली ही देशना आपल्या विहारांत वाचली जाते. म्हणजे ज्या कवितेला मोठमोठे प्राध्यापक अवघड म्हणतात, तिचा एक धागा आपल्या घरातच आहे.

1956 साली मे महिन्यात लंडनच्या रंगभूमीवर जॉन ऑस्बॉर्नचे 'लुक बॅक इन अँगर' आले. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली.

येवला आणि 'अनटचेबल'

पण सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेले साल 1935 चे होते. डावीकडे येवला, उजवीकडे मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल'.

या कादंबरीत बाखा नावाच्या सफाई कामगार तरुणाचा एक दिवस आहे. चुकून एका सवर्णाला स्पर्श झाला म्हणून भर बाजारात त्याचा अपमान होतो. शेवटी त्याच्यासमोर तीन वाटा येतात. एक ख्रिस्ती मिशनऱ्याची, दुसरी गांधीजींच्या भाषणाची आणि तिसरी हाताने मैला उचलणे संपवणाऱ्या यंत्राची. ई. एम. फॉर्स्टर या नामवंत इंग्रज कादंबरीकाराने तिला प्रस्तावना लिहिली. अनेक विद्यापीठांत ती अभ्यासाला असते.

मुलगी म्हणाली, "त्या तीन वाटांत चौथी नाही. त्याच वर्षी इथून पुढच्या तालुक्यात बाबासाहेबांनी चौथी वाट सांगितली. बाखाला ती कुणी सांगितलीच नाही. मला एम.ए. करून यावरच लिहायचंय."

आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हांला येथे सापडले. आपल्याबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ते तपासून बरोबर-चूक सांगणारी माणसे आपल्यातून निघाली पाहिजेत. सुरुवात झालेली आहे. इंग्रजीचे प्राध्यापक डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि त्यांनी दलित साहित्याच्या चळवळीला कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून दिली. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसून, घरच्यांपासून लपवून 'जिणं आमुचं' लिहिले. माया पंडित यांनी ते 2008 साली इंग्रजीत नेले आणि आज इंग्रजीचे विद्यार्थी ते अभ्यासतात. खळ्यावरच्या आईचे जिणेही साहित्य आहे. ते जगाला सांगायला तिची लेक इंग्रजी शिकत आहे.

पोटाच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. एम.ए.नंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो. नेटसाठी एम.ए.ला 55 टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींना 50 टक्के. नोकरी आयती मिळेल असे आम्ही म्हणणार नाही. पण वाट आहे.

अभ्यास कसा करावा?

या मुलीचा क्रम इतरांनाही उपयोगी पडावा म्हणून देतो. पाया म्हणून बी. प्रसाद यांचे 'अ बॅकग्राउंड टू द स्टडी ऑफ इंग्लिश लिटरेचर' आणि हडसनचा इंग्रजी साहित्याचा इतिहास. संज्ञांसाठी एम. एच. अब्राम्स यांचा कोश. तो रोज दोन पाने. नुसत्या गाइडवर विसंबू नये. रोज एक न वाचलेली कविता मोठ्याने वाचून तिचा अर्थ मराठीत लिहावा. दर रविवारी घड्याळ लावून जुना पेपर सोडवावा. संगणकाचा सराव नसेल तर महिनाभर आधी करावा, नाहीतर येणारे उत्तरही माऊस हातात थरथरल्याने चुकते. पुणे विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाची प्रवेश परीक्षा वेगळी असते. तिचाही फॉर्म भरावा, एकाच दारावर उभे राहू नये.

घराने काय करावे?

परळच्या चाळीतील एका खोलीत भीमराव शिकत होते, तेव्हा रामजी सुभेदार त्यांना रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवीत आणि जागा मोकळी करून देत. त्या घरातही दुसरी खोली नव्हती. होता तो बापाचा निश्चय. सावित्रीमाईंनी 1854 सालच्या 'काव्यफुले'तच इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला होता.

ही परीक्षा 2025 साली मार्च महिन्यात सुरू झाली होती. त्या दिवसांत उन्हाळ कांदा बाजारात यायला लागतो आणि खळ्यावर हात कमी पडतात. रोजंदारी सोडणे घराला परवडत नाही. तरी वडिलांनी ठरवले आहे की परीक्षेआधीचा महिना मुलगी कामाला जाणार नाही. धाकटा भाऊ रोज रात्री पानावरचा एक रकाना झाकून तिला दुसरा विचारतो. आजी डावीकडच्या तारखा सांगते.

आम्ही निघालो तेव्हा आईने पत्र्याची पेटी उघडून एक प्लास्टिकची पिशवी दाखवली. तिच्यात केंद्राच्या नमुन्यातील नवा दाखला होता. "ह्या बारीला कागद अडणार नाही," ती म्हणाली. "आता पोरीनं अन् पेपरानं काय ते बघावं."

बी.एड.चे मात्र त्या माउलीने पुन्हा काढले नाही.

जय भीम!