पंगतीत थोरल्या घराचं पान

अमेरिकेत इंडियानापोलिसला भरणाऱ्या जेन कॉन या मेळाव्यात ‘एनी’ पुरस्कार दिले जातात. टेबलाभोवती बसून, कथेतलं एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळांसाठी ते आहेत. परीक्षक प्रत्येक विभागातली नामांकनं निवडतात, मग खेळणारे मतं देतात. या खेळांत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा दबदबा असा, की पुष्कळांना दुसरा खेळच ठाऊक नसतो. १९७४चा हा खेळ १९९७मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टकडे आला आणि १९९९मध्ये ती कंपनीच हॅस्ब्रोने घेतली. असल्या बलाढ्य घराला स्पर्धेत घ्यावं का, हा प्रश्न तिथे अधूनमधून डोकं वर काढतो.

नको म्हणणाऱ्यांची बाजू मला पटण्यासारखी वाटते. मत देणाऱ्याने पाचही पुस्तकं वाचलेली नसतात. घरात असेल त्याला तो मत देतो. म्हणजे मोजला जातो तो खप. या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिच्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने वर्षातल्या सर्वोत्तम उत्पादनाचं सुवर्ण नेलं. पण २०२०मध्ये तेच सुवर्ण ‘मोर्क बोर्ग’ या काळ्याकुट्ट, विक्षिप्त मांडणीच्या स्वीडिश पुस्तकाला मिळालं. तेव्हा जनमत नेहमी थोरल्याच्याच पारड्यात पडतं, असंही नाही.

जर्मनीतल्या ‘श्पील देस यारेस’ची, म्हणजे ‘वर्षाचा खेळ’ या पुरस्काराची, रीत वेगळी. तिथे जनमत नाही. खेळांवर लिहिणारे समीक्षक खेळून निवाडा करतात आणि धंद्यातल्या माणसाला मंडळात जागा नाही. १९७९चा पहिला पुरस्कार ‘हेअर अँड टॉर्टॉइज’ला गेला. तो जर्मनीत काढला होता राव्हेन्सबुर्गर या मातब्बर घराने. १९८२ आणि १९८३लाही याच घराचे खेळ जिंकले. पुढे २०२०ला ‘पिक्चर्स’ आणि २०२१ला ‘मायक्रोमॅक्रो’ हे छोट्या प्रकाशकांचे खेळ जिंकले. थोरल्याला दाराबाहेर न ठेवता हे घडलं, कारण मत देणारा खेळ खेळलेला होता. (आपल्याकडे दिवाळी अंकांच्या स्पर्धा होतात, त्यांचे परीक्षक सगळे अंक वाचतात का, हे मी विचारत नाही.)

बंदीची खरी अडचण निराळीच आहे: थोरला कोणाला म्हणायचं? त्या जर्मन सोंगटीची लाल खूण डब्यावर आली की खप कुठल्या कुठे जातो आणि मग मोठे गिऱ्हाईक म्हणून दारात उभे राहतात, तेही अख्खी कंपनी घ्यायला. ‘टिकट टू राइड’ (२००४), ‘दिक्सित’ (२०१०), ‘अझुल’ (२०१८), ‘जस्ट वन’ (२०१९) या विजेत्यांची चारही घरं पुढे फ्रान्सच्या आस्मोदेने घेतली. मालकी पाहून दार लावलं, तर तीच चार-सहा माणसं, त्याच खोलीत, पुढचा खेळ घेऊन आली तरी बाहेरच राहतील.

म्हणून खेळांच्या विभागांत थोरल्यांचं पान असावं, असं माझं मत आहे. आवडत्या प्रकाशकाला चाहते मतं देतात तो विभाग मात्र बंद करावा. तिथे नुसती डोकी मोजली जातात. आणि एनीवाल्यांनी निदान शेवटच्या निवाड्यातली निम्मी मतं, नामांकनातली सगळी पुस्तकं वाचलेल्या त्यांच्याच परीक्षकांकडे द्यावीत.