ऊन पाण्याची कुंडे

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या परिसरात उनकेश्वर हे तीर्थक्षेत्र आहे. तेथील कुंडात बारा महिने गरम पाणी असते. शरभंग ऋषींचा त्वचारोग बरा व्हावा म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा सांगतात. त्या श्रद्धेने दूरदूरचे लोक येथे स्नानास येतात. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे आणि जळगाव जिल्ह्यातील उनपदेव येथेही असे झरे आहेत. उनकेश्वर, उन्हवरे, उनपदेव या नावांतच ऊन पाण्याची खूण आढळते.

हे पाणी कोण तापवतो? महाराष्ट्रात आज जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते. भूगर्भात दर किलोमीटरला उष्णता साधारणपणे 25 ते 30 अंश सेल्सियसने वाढत जाते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते. वाटेत खडकांतील क्षार त्यात विरघळतात. काही झऱ्यांत गंधकयुक्त वायू असतो. त्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो.

अशा पाण्याने गुण येतो काय? काही अंशी येतो. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात व आखडलेले स्नायू सैल होतात. पाणी शरीराचा भार पेलते, म्हणून दुखऱ्या सांध्यांना आराम वाटतो. गंधक तर खरजेच्या मलमातही वापरतात.

परंतु आराम पडणे निराळे आणि रोग समूळ जाणे निराळे. कुष्ठरोगाचेच उदाहरण घ्या. तो जंतूंमुळे होतो, हे नॉर्वेच्या हान्सेन यांनी 1873 मध्ये दाखवले. स्नानाने ते जंतू मरत नाहीत. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या बहुविध औषधोपचाराने मात्र हा रोग पूर्ण बरा होतो, आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला असता नुसत्या कुंडस्नानावर विसंबून महिने दवडले, तर मज्जातंतू निकामी होऊन हातपायांना कायमचे व्यंग येऊ शकते.

म्हणून कुंडावर आनंदाने जावे. हृदयविकार असलेल्यांनी आधी वैद्यांस विचारावे, उघडी जखम असता कुंडात उतरू नये, आणि पाण्यात साबण लावू नये. चट्टा दिसला तर मात्र प्रथम दवाखान्याची वाट धरावी. कुंड कोठे जात नाही.